अडेल बच्छेरा आणि चाबुकस्वाराची निवड: सल्ला हवाय

नीराकाठ
राम राम मंडळी.

मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी बच्छेरा, म्हणजे तरणा नर घोडा, आणला. कुमैत रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. तेव्हा अडीच वर्षांचा होता, आता सव्वातीनचा झालाय. वडील बाजारातच म्हणाले होते, "पाय बघितलेस, कान बघितलेस, भोवरे मोजलेस. याला आजवर कुणी हात लावलाय का, ते विचारलंस का?" नव्हतं विचारलं.

खाली उभं राहून हाताळताना तसा वाईट नाही. मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालू देतो, खराऱ्याला उभा राहतो, पुढचे पाय उचलून देतो. मागचे त्याच्या मनात असलं तर. खोगीर टाकलं तरी चालतं. पण तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की पाठ फुगवतो. कुणी वर बसलं की मिनिटभर दगडासारखा उभा, आणि मग एकदम मागच्या दोन पायांवर.

श्रावणात जवळच्याच गावचा एकजण आला. "आठ दिवसांत तुमच्या पोरीला बसवून देतो" म्हणाला. पहिल्या दिवशी पुढचा एक पाय बांधला, काट्यांचा लगाम घातला आणि नांगरलेल्या रानात दमवला. तिसऱ्या दिवशी खरंच वर बसला. पाचव्या दिवशी बच्छेरा उभा राहिला तो पाठीवरच कोसळला. माणूस बाजूला फेकला गेला म्हणून वाचला, पण कॉलरबोन मोडलं. घोड्याच्या तोंडाला दोन्ही कडांना जखमा. आता नुसती लगामाची कडी वाजली तरी मान आढ्याला.

सध्या दोन पर्याय आहेत. एक, आमच्या तालुक्यातले वयस्कर चाबुकस्वार, म्हणजे घोडा शिकवणारे. घरी येऊन शिकवतील, महिन्याला १५ हजार. दोन, पुण्याजवळची एक रायडिंग स्कूल. घोडा तिथं ३ महिने ठेवायचा, महिन्याला २५ हजार, चाऱ्यासकट. एक मित्र म्हणतो, सरळ राजस्थानात पाठव. पैसे एकदाच घालवू शकतो, दुसऱ्यांदा नाही. माणूस पारखायचा कसा?

रानवारा
फोटो टाका की राव. पंचकल्याणी म्हणता आणि फोटो नाही!

खूरदंत
मी जनावरांची डॉक्टर आहे. चाबुकस्वार नंतर, आधी घोड्याचं तोंड बघून घ्या.

सव्वातीन वर्षं हे वय दातांच्या दृष्टीनं फार वाईट. अडीचच्या सुमाराला समोरचे मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. आत दाढांवरच्या दुधाच्या टोप्याही याच काळात सुटत असतात, आणि कधी अर्धवट अडकून हिरडीला टोचत राहतात. शिवाय वरच्या पहिल्या दाढेच्या पुढं काही घोड्यांना एक बारका, बिनकामाचा दात असतो. त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगामाची कडी नेमकी तिथंच आदळते. माझ्याकडं 'खोडकर' म्हणून आलेल्या कितीतरी तरण्या घोड्यांचं दुखणं अंगठ्याएवढ्या जागेत निघालंय.

दुसरं पाठ. खोगीर याच घोड्यासाठी घेतलंय की दुसऱ्या कुठल्या घोड्याचं आहे? कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांनी दाबत मागं जा. कुठं कातडी थरथरते, कुठं पाठ खाली घालतो, ते लिहून ठेवा. तंग आवळताना पाठ फुगवणं हे पोटातल्या अल्सरचंही लक्षण असू शकतं.

तिसरं वजन. साधारण हिशोब असा की माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २०% च्या आत असावं. तुमचा ३५० किलोचा धरला तर ७० किलो झाले. तेही पुरत्या वाढलेल्या घोड्यासाठी. कण्याच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. श्रावणात जे बसले त्यांचं वजन किती होतं?

आणि खुराक काय देता ते खरंखरं सांगा.

नीराकाठ
डॉक्टर, वजन विचारलंत आणि मी गप्प झालो. ८० च्या पुढं असेल. खोगीर चुलत्यांच्या जुन्या घोडीचं.

खुराक: रोज ३ किलो भिजवलेला हरभरा, किलोभर बाजरी, रात्री दीड लिटर दूध. कडबा आहेच. दिवसभर दावणीला, संध्याकाळी अर्धा तास फिरवून आणतो.

खूरदंत
तुम्ही पैलवानाला तालमीत कोंडून तूप पाजताय. दूध बंद करा, धान्य हळूहळू दहा-पंधरा दिवसांत निम्म्याच्या खाली आणा (एकदम तोडू नका), चारा वाढवा. आणि त्याला मोकळं सोडा. तारेचं कुंपण नको, बांबूचं करा. यानं अर्धा घोडा तरी तुम्हाला परत मिळेल.

घोडेवाले नाना
डॉक्टरीणबाईंचं दातांचं खरं आहे. बाकी हरभऱ्यावर आमच्या बापजाद्यांचे घोडे जगले. पण ते घोडे दिवसाला दहा कोस चालायचे, हेही खरं.

निवडीचं म्हणाल तर पुण्याला नेऊ नका. इंग्रजी शाळेत घातलेला बच्छेरा इंग्रजी शिकून येणार. तिथं दोन हातांत दोन वाद्या धरतात, पोटरीनं दाबतात, बुडाच्या वजनानं वळवतात. तुमच्याकडं गडी एका हातात लगाम धरणार, दुसऱ्या हातानं मोबाईल. बच्छेऱ्याला कळायचं काय? जो चाबुकस्वार तुमच्या रानात, तुमच्या गड्यांसमोर शिकवतो, तोच खरा. आमच्याकडचे जुने लोक आधी महिनाभर नुसता कावा देत, लांब दोरावर डावा-उजवा. वर बसायची घाई नाही. आठ दिवसांत बसवतो म्हणणारा चाबुकस्वार नव्हे, तो नुसताच चाबूक.

मोतद्दार
नाना, शेवटचं वाक्य सोळा आणे.

मी २२ वर्षं रेसच्या तबेल्यांत काम केलंय, आता घरी. घोडे शिकवणारी माणसं पुष्कळ बघितली, चांगली, वाईट, आणि दारू उतरेपर्यंत चांगली. माणूस पारखायला मी काय करतो ते सांगतो.

न सांगता जा. शक्यतो सकाळी सहाला, काम चालू असताना. माणसाकडं बघू नका, घोड्यांकडं बघा. तो ठाणावर शिरला की घोडे काय करतात? कान पुढं करून बघतात, की मागं सरकून कोपरा धरतात? जनावराला जाहिरात करता येत नाही. मग जवळ जाऊन ओठांच्या कडा बघा. जुन्या जखमांचे व्रण तिथं राहतात. खांद्यावर आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर समजायचं, खोगिरानं कातडं गेलं होतं आणि तरी काम थांबलं नव्हतं. एखाद्याच घोड्याला असतील तर आधीच्या मालकाचं पाप म्हणून सोडून द्या. चौघांना असतील तर चहाही न पिता निघा.

मग त्याला म्हणा, तुम्ही शिकवलेला घोडा दुसऱ्या कुणी चालवताना दाखवा. स्वतःचा घोडा स्वतः चालवून कुणीही दाखवतो. वर चढताना घोडा उभा राहतो का? पाय रिकिबीत घालताच चालू लागला तर शिकवणं अर्धंच झालंय.

आणि एकच प्रश्न विचारा: पहिल्या दिवशी काय करणार? मला आवडलेलं उत्तर एका म्हाताऱ्यानं दिलं होतं. म्हणाला, "काही नाही. तो खातो कसा, झोपतो कसा, कुणाला भितो, ते बघणार."

आता मागच्या पायांवर उभं राहण्याबद्दल. घोड्याचा पुढचा रस्ता लगामानं बंद केला आणि मागून टाच मारली की त्याला वरचीच दिशा उरते. तुमच्या बच्छेऱ्याला हे कुणीतरी नकळत शिकवलंय. म्हणून असा माणूस बघा जो खालूनच त्याला दोन गोष्टी शिकवेल: इशाऱ्यावर पुढं निघणं, आणि मागचे पाय एका बाजूला टाकणं. मागचे पाय आडवे पडत असले की घोड्याला उभं राहणं जड जातं. "उभा राहिला की दोन कानांच्या मध्ये काठी हाणायची, खोड मोडते" असं जो म्हणेल त्याला दारातूनच नमस्कार. पाठीवर पडणाऱ्या घोड्याखाली माणसाचा जीव जाऊ शकतो. तुमचा माणूस वाचला, हे नशीब.

शेंडीवाला
चार काठ्या पडल्याशिवाय जनावर सुधारत नाही. हे सगळे पुस्तकी लाड आहेत.

मोतद्दार
पाचव्या दिवशी कॉलरबोन मोडलं ते काठीनंच सुधारताना. धागा वाचून या.

कृष्णाकाठची
लग्नात घोडे नाचवणारे कुणी सुचवले तर लांब राहा, एवढंच सांगायला आले. त्यांच्या कलेला नावं ठेवत नाही, माझे मामाच ते करायचे. पण नाचकामात घोड्याला आवळलेल्या लगामावर जागच्या जागी टापा उचलायला शिकवतात, ढोल वाजला की पुढचा भाग उचलायला शिकवतात. आधीच उभ्या राहणाऱ्या बच्छेऱ्याला ते शिकवणं म्हणजे त्याच्या दुखण्याला शाबासकी देणं. मामांचा घोडा मिरवणुकीत देखणा दिसायचा आणि शेतातून घरी आणायला दोघं लागायचे.

तीच गोष्ट रवालीची, म्हणजे बिनधक्क्याच्या जलद चालीची. रवाल चालीच्या शर्यतींची तयारी करून घेणारा माणूस वेगळा, आणि शाळेत जाणारी पोरगी बसेल असा घोडा तयार करणारा वेगळा. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी लिहिलंच नाहीत.

नीराकाठ
पोरगी १३ वर्षांची आहे. तिनंच हट्ट धरला होता. पुढं सगळं नीट झालं तर सारंगखेड्याला चाल स्पर्धेत उतरवावा असं माझ्या मनात आहे, पण ते माझ्या मनातलं.

खूरदंत
मग एक अप्रिय गोष्ट. मुलीसाठी घोडा हवा असेल तर खच्ची करण्याचा विचार करा.

घोडेवाले नाना
पंचकल्याणी बच्छेरा खच्ची? बाई, तुम्ही लाख रुपयांच्या हुंडीला काडी लावायला सांगताय.

खूरदंत
नाना, हुंडी वटते कितीजणांची? गावोगावी नर राखलेत आणि दिवसभर दावणीला बांधून घातलेत. माजावरची घोडी शिवेवरून गेली तरी तो जागेवर राहत नाही, आणि वर तेरा वर्षांची मुलगी. खच्ची केल्यावर घोडा दुसऱ्या दिवशी गाय होत नाही, हेही सांगते. स्वभाव निवळायला आठवडे-महिने जातात, लागलेल्या सवयी शिकवूनच सोडवाव्या लागतात, आणि पहिले सहा आठवडे तरी घोड्यांपासून... म्हणजे घोड्यांच्या माद्यांपासून लांब ठेवावा लागतो. धनुर्वाताची लस आधी. करायचंच असेल तर शिकवणी सुरू करण्याआधी करा, मधेच नको.

निर्णय त्यांचा. पण चाबुकस्वारानं हा विषय स्वतःहून काढला तर तो माणूस तुमचा विचार करतोय असं समजा.

ओहायोतून
मी इथं अमेरिकेत गेली नऊ वर्षं स्वारी करते, स्वतःची एक घोडी आहे. इथं घोडा ट्रेनरकडं ३०, ६० किंवा ९० दिवसांसाठी पाठवायची पद्धत आहे. माझी घोडी ६० दिवस ठेवली होती. घरी आली तेव्हा त्यांच्याकडं मेणासारखी वागणारी घोडी माझ्याकडं पुन्हा पहिल्यासारखी. चूक त्यांची नव्हती. तिला जे शिकवलं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा अट घातली की शेवटचे दोन आठवडे रोज मी येणार आणि मीच बसणार. पैसे जास्त गेले, पण टिकलं.

सगळं कागदावर घ्या. काय येईल तेव्हा घोडा 'तयार' म्हणायचा, आजारी पडला तर कुणाला फोन, खर्च कुणाचा, वर कोण बसणार (पुष्कळदा नाव मोठ्याचं असतं आणि बसतो शिकाऊ पोरगा). हे अमेरिकन खूळ वाटेल म्हणून सांगते: चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर लिहिताना हेच म्हटलंय. मुलाला कारागिराकडं शिकायला घालताना काय शिकवणार ते जसं लिहून घेतो, तसं शिंगरू देताना लिहून घ्यावं. आणि शिकवायला देण्याआधी ते माणसाळलेलं, माणसाच्या हाताला लोभावलेलं असावं, ही जबाबदारी त्यानं मालकावर टाकलीय.

घोडेवाले नाना
ग्रीक माणूस आमच्यातला निघाला.

मोतद्दार
बाहेर ठेवणार असाल तर आणखी एक. जत्रेला नेताना ग्लँडर्सच्या (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) तपासणीचा दाखला मागतात, तसा तबेल्याकडंही तुम्ही मागा. आपल्या घोड्याचा द्या, त्यांच्या घोड्यांचा बघा. नवीन आलेला घोडा जे दोन-तीन आठवडे वेगळा बांधत नाहीत, त्यांच्याकडं ठेवू नका. तरण्या घोड्यांना स्ट्रँगल्स पटकन लागतो. ताप येतो, जबड्याखाली गाठी येतात. मग शिकवणी राहते बाजूला.

आणि काट्यांच्या लगामाबद्दल कुणी बोललंच नाही. भार वाहणाऱ्या आणि ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यात काटेरी लगामाला मनाई आहे. "इकडं सगळे वापरतात" हे उत्तर नव्हे.

नीराकाठ
(अडीच महिन्यांनी)

उशीर झाला, माफी असावी. ऊसतोड चालू होती.

तोंड तपासून घेतलं. डावीकडं बारका दात निघाला, काढला. दाढेवर एक टोपी अर्धी सुटून अडकली होती, तीही गेली. दूध बंद, हरभरा किलोभरावर. विहिरीकडंचं पडीक अर्धा एकर बांबूनं बंदिस्त करून त्याला दिलं. पहिल्या दिवशी तासभर नुसता पळला, मग मातीत लोळला, मग झोपला. आडवा झोपलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला. आमच्याकडं आल्यापासून तो आडवा झालाच नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग माणसं बघायला निघालो. पुण्याजवळच्या स्कूलमध्ये सकाळी सहाला गेलो. जागा स्वच्छ, घोडे निवांत, वाईट एकही खूण नाही. बाई समजूतदार. पण म्हणाल्या, "पहिला महिना तुम्ही येऊ नका, त्याला सवय होऊ दे." मी विचारलं, मुलीला शिकवाल का? तर त्याची फी वेगळी, आणि रोज दीडशे किलोमीटरची ये-जा. नाही जमण्यासारखं. राजस्थानचा विषय मनातून काढला.

तालुक्यातल्या म्हाताऱ्यांकडं दोनदा गेलो. पहिल्यांदा न सांगता. एका घोडीच्या पाठीवर पांढरे केस दिसले. मी बघतोय हे त्यांनी बघितलं. म्हणाले, "ते माझ्याच हातचं. सोळा वर्षं झाली. लग्नाची सुपारी होती, थांबलो नाही." मोतद्दारांच्या हिशोबात हे कसं बसतं माहीत नाही. मला त्या माणसाबरोबर दुसरा कप चहा घ्यावासा वाटला.

पहिल्या दिवशी काय करणार विचारलं. म्हणाले, "तुमच्या पोरीला बघणार." कागदावर लिहून द्यायला मात्र हसले. मी वहीत लिहिलं, त्यांनी सही केली: वर त्यांचा नातू बसणार, वजन ५२ किलो, काट्यांचा लगाम नाही, पहिले तीस दिवस वर कुणीच नाही, मुलीनं रोज संध्याकाळी हजर राहायचं.

आज चव्वेचाळिसावा दिवस. नातू चाळिसाव्या दिवशी पहिल्यांदा बसला, दहा मिनिटं. मोरकीवरच, लगाम नाही. बच्छेरा दोनदा थांबला, पाठ फुगवली. म्हातारबांनी दोर हलवून मागचे पाय बाजूला टाकायला लावले, आणि चालला. कालच्याला एकदा पुढून उचलला, गुडघ्याएवढाच. लगेच उतरवलं नाही, चार पावलं चालवून मग उतरवलं. लगामाची भीती आहे तशीच आहे. सध्या मुलगी रबराची कडी गुळाचा हात लावून नुसती त्याच्या ओठांना दाखवते. कधी चाटतो, कधी मान फिरवतो.

खच्ची करण्याचं अजून ठरत नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

खूरदंत
साडेतीनच्या सुमाराला पुढचे दात पडतील, तेव्हा आठ-दहा दिवस कडी दाखवणंही बंद ठेवा. म्हातारबांना माझा नमस्कार.

मोतद्दार
सोळा वर्षांपूर्वीचं स्वतःहून कबूल करणारा माणूस माझ्या हिशोबात बसतो. नातवाला हेल्मेट द्या. फेट्यावर भागवू नका.

रानवारा
सगळं झालं, फोटो कुठाय?

नीराकाठ
हेल्मेट आणलंय, पोरीचं पण. फोटो काढायला हात मोकळा नसतो, संध्याकाळी दुसरा दोर माझ्याकडं असतो.